तुटक्या पारड्याचा शिक्का

इमारतीत त्यांना सगळे रंगकाकू म्हणत, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडे. तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी उकळून काढलेल्या बाईला उतारवयात कुणी रंगाच्या नावानं हाक मारावी, ही काही लहानसहान बढती नव्हे. नोकरीत पांढऱ्याशिवाय दुसरा रंग फारसा बघायला मिळाला नव्हता. त्याचा सगळा वचपा त्या निवृत्त झाल्यावर काढत होत्या. जुन्या सामानाच्या दुकानातून एखादी लंगडी खुर्ची नाहीतर दार निखळलेलं कपाट उचलून आणायचं, खरवडायचं, घासायचं, आणि घरी केलेला रंग देऊन नव्यासारखं उभं करायचं. नवरा बसचालक होता, तोही निवृत्त. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमच्या घरात दूध फर्निचर पितं. आम्ही कोरा चहा घेतो."

दूध खरंच लागे. साय काढलेलं दूध लिंबू पिळून फाडायचं, चोथा फडक्यात बांधून टांगायचा, दोनदा पाण्यातून काढायचा आणि त्यात विझवलेला चुना घालून घोटत बसायचं. घोटता घोटता चोथा विरघळतो आणि त्याची चिकट खळ होते. मग त्यात रंगाची पूड. विटेची भुकटी, दिव्याची काजळी, आणि काकूंची सगळ्यात लाडकी म्हणजे कपड्यांची नीळ. धुलाईखात्याशी एवढं इमान त्यांनी राखलं होतं. सगळं मिश्रण जुन्या पायमोज्यातून गाळून दोन हात मारायचे, वाळलं की जवसाचं तेल आणि मेण चोळायचं. बाजारातल्या डब्याच्या एक दशांश खर्चात काम व्हायचं, आणि हे त्या दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

एक पायरी मात्र त्या गाळत. लाकडावर शाईचा नाहीतर तेलाचा डाग असेल, तर रंगाआधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक हात द्यावा लागतो. त्याने डाग खालच्या खाली कोंडला जातो, नाहीतर रंगाच्या ओलीबरोबर तो हळूहळू वर चढतो. हे त्यांना ठाऊक होतं. पण लाख महाग, आणि स्वतःच्या रंगावरचा विश्वास फुकट.

ते टेबल त्यांना उद्याशेठच्या दुकानात दिसलं. काहीही मागा, "उद्या या" म्हणतो, म्हणून हे नाव. टेबल रुंद होतं, चारी पाय शाबूत, उजवीकडे एक ड्रॉवर. वरचा भाग मात्र बघवत नव्हता. बाटल्यांच्या बुडांची वर्तुळांवर वर्तुळं, काहीतरी चिकट सांडून वाळलेलं, आणि उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळपट डाग. काकूंनी किंमत विचारली, तर उद्याशेठने उलट विचारलं, "घरी नेणार का?"

काकूंना वाटलं, हा आपली गरज जोखतोय. घरासाठी म्हटलं की भाव चढवणार.

"छे हो," त्या म्हणाल्या. "अनाथ मुलांच्या शाळेला देतेय. गावाबाहेर आहे."

उद्याशेठचा चेहरा निवळला. काकूंनी सांगितलेल्या भावात त्याने मुकाट्याने टेबल दिलं. हातगाडीवरून घरी आणताना काकूंनी त्यावर चादर टाकली होती, कारण तयार होईपर्यंत कुणाला काही दाखवायचं नाही हा त्यांचा नियम. वाटेत त्या स्वतःवर बेहद्द खूश होत्या. एका खोट्यात अर्धं टेबल फुकट, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "अनाथांचे आशीर्वाद लागतील हो."

आठ दिवस त्या राबल्या. पत्र्याच्या पातीने खरवडलं, पॉलिश पेपरने घासलं, भेगांत लांबी भरली, नीळ आणि चिमूटभर काजळी घालून दोन हात दिले. टेबल असं उतरलं, की पहाटेच्या आभाळाचा रंग म्हणावा. रविवारी त्यांनी चहाला तिघींना बोलावलं. तळमजल्यावरची टेलरीणबाई आली, दुसऱ्या मजल्यावरची नवी सून आली. आणि वकिलीणबाईंना तर त्यांनी जिन्यात गाठून हाताला धरूनच आणलं.

वकिलीणबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या नोटरी वकिलांच्या पत्नी. वकील जाऊन सात महिने झाले होते, त्याआधी दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. बाई ताठ. दुःख असो, अडचण असो, उंबऱ्याबाहेर काही येऊ द्यायच्या नाहीत. कुणाकडे फारसं जाणंयेणं नाही. अशी बाई आपला हात बघायला आली, म्हणून काकूंना आणखीच चेव चढला.

"आता दिसतंय ते सोड," त्या नव्या सुनेला सांगू लागल्या. "आणलं तेव्हा काय अवस्था होती विचार. ड्रॉवरमध्ये नखं, केसांचा गुंता, गोळ्यांची रिकामी पाकिटं, वाळून खडा झालेलं लिंबू. वर बाटल्यांचे डागच डाग. एकदा ओलं फडकं फिरवायला काय होतं माणसाला? कुठल्या गचाळ घरातलं आहे कोण जाणे."

"काही घरं असतातच तशी," टेलरीणबाई म्हणाली.

"घरधनीण दिवसभर लोळत असणार, दुसरं काय," काकू म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

नव्या सुनेने ड्रॉवर ओढून पाहिला. तो हलेना. काकू "अगं जोर लाव" म्हणत होत्या, तेवढ्यात वकिलीणबाई पुढे झाल्या. त्यांनी ड्रॉवर किंचित वर उचलला, डावीकडे रेटला आणि अलगद ओढला.

"असल्या ड्रॉवरांचं असंच असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी उजव्या कोपऱ्यावरून बोटं फिरवली. "काकू, आधी लाखेचा हात दिला होतात का? शाईचे डाग वर येतात म्हणतात."

चारचौघींत कुणी गाळलेली पायरी दाखवून द्यावी, हे काकूंना रुचलं नाही.

"माझ्या रंगाखालून, बाई, मेलेला माणूससुद्धा वर यायचा नाही," त्या म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. वकिलीणबाईही हसल्या, निदान काकूंना तसं वाटलं. चहा अर्धाच ठेवून त्या उठल्या.

टेलरीणबाईने मात्र तिथल्या तिथे आपलं कापड कापायचं मोठं टेबल रंगवून द्यायला सांगितलं. काकूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी पैसे देऊन काम सांगत होतं. एवढंच नाही, येत्या शनिवारी चार वाजता इमारतीतल्या सगळ्या बायकांनी जमायचं आणि काकूंनी रंग कसा करतात ते दाखवायचं, असंही ठरलं. आठवडाभर काकू जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या.

मंगळवारी उजव्या कोपऱ्यात फिकट जांभळी छटा दिसली. काकूंनी आणखी एक हात मारला. बुधवारी ती पुन्हा वर आली, आता गोल होऊन. गुरुवारी सकाळी त्या चष्मा लावून, फडकं घेऊन टेबलाशी वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या.

तो शिक्का होता. गोल, जांभळा, कडेने अक्षरं, काही वाचता येणारी आणि काही विरलेली. मध्ये तराजू. आणि तराजूचं डावं पारडं तुटलेलं.

हा एका पारड्याचा तराजू त्यांच्या ओळखीचा होता. तेरा वर्षांपूर्वी इस्पितळाच्या दप्तरात काकूंची जन्मतारीख चुकीची निघाली. पाच वर्षं आधीच घरी बसवायला निघाले होते, पेन्शनही बुडणार होती. तेव्हा त्या रडत तिसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, शिक्का मारला आणि पैसे घेतले नाहीत. "शेजारधर्माची फी नसते," असं काहीसं म्हणाले होते. घरी येऊन काकूंनी नवऱ्याला तो शिक्का दाखवला होता आणि दोघं हसले होते, की वकिलाचा न्याय एकाच पारड्यात तोलला जातो. ज्या टेबलावर तो कागद ठेवला होता त्याच्यावर तेव्हा हिरवं कापड होतं आणि फायलींचे ढीग होते. टेबल कसं होतं ते कुणाला दिसणार? त्या शिक्क्यामुळे नोकरी राहिली, नोकरीमुळे पेन्शन आली, आणि पेन्शनमधूनच काकू जुनं फर्निचर विकत घेत होत्या.

मग एकेक आठवायला लागलं. बाटल्यांची वर्तुळं, गोळ्यांची पाकिटं, वाळलेलं लिंबू. दोन वर्षं ते टेबल आजाऱ्याच्या उशाशी उभं होतं. घरधनीण दिवसभर लोळत असणार, हे त्या त्याच घरधनिणीच्या तोंडावर बोलल्या होत्या. डाग शाईचा होता हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, तरी बाईंनी शाई म्हटलं. ड्रॉवर कसा उघडायचा ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आणि त्यांना काकू म्हणाल्या होत्या, मेलेला माणूससुद्धा वर यायचा नाही. काकू खुर्चीत बसल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात. आपल्या जिभेला डोळेही नाहीत, असं त्यांना वाटलं. घरात कुणी नसताना त्यांनी तोंडावर हात घेतला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते साठी उलटल्यावर त्यांना कळत होतं.

दुपारी त्या उद्याशेठकडे गेल्या. त्याने चेहरा पाहिला आणि आधीच हात जोडले.

"बाईंनी एकच अट घातली होती," तो म्हणाला. "टेबल त्यांच्या इमारतीत जाता कामा नये. म्हणून तर तुम्हाला विचारलं, घरी नेणार का. तुम्ही अनाथ मुलं म्हणालात."

काकू खाली मान घालून परत आल्या.

"वर जा आणि माफी माग," नवरा म्हणाला. एरवी तो थट्टा केल्याशिवाय बोलत नसे, पण आज त्याने केली नाही.

"माफी मागायची म्हणजे 'तुमच्यावर घरातलं सामान विकायची पाळी आली हे मला कळलं' असं तोंडावर सांगायचं."

"मग गप्प बस. वर फुलदाणी ठेव."

"शनिवारी पंधरा बायका येणार. टेलरीणबाई बोटं फिरवून बघितल्याशिवाय राहायची नाही. हा शिक्का अर्ध्या इमारतीच्या भाडेकरारांवर आहे. एकीने ओळखला की बाईंचं घर चव्हाट्यावर."

शुक्रवारी तरीही त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मनाशी वाक्यं जुळवत गेल्या होत्या. दार उघडंच होतं. खोलीत एक पलंग, एक पत्र्याची पेटी, आणि फरशीवर जिथे टेबलाचे पाय होते तिथे चार काळसर चौकोन. वकिलीणबाई खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच काहीतरी लिहीत होत्या. काकूंची सगळी वाक्यं जिन्यातच राहिली.

"सुई मागायला आले होते," त्या म्हणाल्या. "मोठ्या नेढ्याची."

बाईंनी सुई शोधून दिली. काकूंच्या निळ्या झालेल्या बोटांकडे त्यांनी पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वर आलं का हो काही?"

"नाही," काकू घाईने म्हणाल्या. "काही नाही आलं. एकदम स्वच्छ आहे."

"बरं," वकिलीणबाई म्हणाल्या.

त्या 'बरं'मध्ये काकूंना सुटकेचा श्वास ऐकू आला. जिना उतरता उतरता त्यांनी ठरवून टाकलं, की आपलं नाक कापलं गेलं तरी चालेल, पण हा शिक्का कुणाच्या नजरेला पडता कामा नये.

शनिवारी सकाळपासून त्या टेबल खरवडत होत्या. नुसता कोपरा खरवडला असता तर संशय आला असता, म्हणून वरच्या भागाचा सगळा रंग काढला. आठ दिवसांची मेहनत पापुद्र्या पापुद्र्यांनी फरशीवर पडत होती. शिक्का लाकडात खोल मुरला होता. काकू घासत राहिल्या, जाड पेपर, मग आणखी जाड. तराजूची दांडी गेली, मग उरलेलं एक पारडं, मग कडेची अक्षरं. शेवटी त्या जागी बशीएवढा उथळ खळगा राहिला आणि काकूंच्या बोटांवर जांभळी भुकटी. हात धुवायच्या आधीच चार वाजले.

बायका आल्या आणि उघडंबोडकं टेबल पाहून दारातच थबकल्या.

"फसला माझा रंग," काकू म्हणाल्या. "सगळा पोपडे धरून निघाला. घरचा रंग करू नका कुणी, मी सांगते. बाजारातला डबाच बरा."

क्षणभर कुणाला खरं वाटेना, आणि मग सगळ्यांनाच फार खरं वाटलं. कुणी म्हणालं दूध नासकं असेल. कुणी म्हणालं, तरीच वास येत होता. रविवारी तोंड भरून कौतुक करणारी नवी सून म्हणाली, मला तेव्हाच शंका आली होती. टेलरीणबाई म्हणाली, "माझं टेबल राहू दे बाई, आहे तसं बरं आहे." एवढे दिवस मारलेल्या फुशारक्या काकूंना एकेक करून परत मिळत होत्या. त्या हसत हो हो म्हणत राहिल्या. हात दाखवून अवलक्षण, असं नवरा आतून पुटपुटणार होता, पण ते त्याने पाणी प्यायच्या निमित्ताने गिळून टाकलं.

वकिलीणबाई सगळ्यात मागे उभ्या होत्या. बाकीच्या गेल्या तरी त्या गेल्या नाहीत. त्या टेबलाजवळ आल्या आणि त्यांनी खळग्यात बोट ठेवलं.

"इथेच होता," त्या म्हणाल्या.

आता सोंग घेण्यात अर्थ नव्हता. "बाई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते राहू द्या. घाण होतंच ते. शेवटी शेवटी माझ्याने पुसणं व्हायचं नाही." बोट तिथेच फिरत होतं. "वर आला होता ना?"

"हो."

"नीट दिसत होता?"

"तुटक्या पारड्यासकट. लोकांनी ओळखू नये, तुम्हाला खाली बघायला लागू नये, म्हणून मी..."

"काल मी विचारलं होतं तुम्हाला, काकू."

काकूंनी फरशीवर पडलेले पापुद्रे पायाने बाजूला सारले.

"रोज सकाळी हिरवं कापड कोपऱ्याशी वर सारून, शाई उठतेय का ते बघायला टेबलावरच, ठरलेल्या जागी, एक छाप मारायचे," वकिलीणबाई म्हणाल्या. "कागद कशाला वाया घालवायचा म्हणायचे. मी रोज ओरडायचे, टेबल खराब होतं म्हणून. शिक्का ते गेल्यावर सरकारजमा झाला. आणि नोटरीचा शिक्का दुसऱ्यांच्या कागदांवर असतो, घरात एकही नाही. विकताना तो नुसता काळा डाग होता, मलाही काही दिसत नव्हतं. मग तुम्ही रंग दिलात. पहिल्यांदा भीती वाटली. मग वाटलं, वर आला तर एकदा बघून येऊ. लोकांना दिसला असता तर दिसला असता."

काकू धावत आत गेल्या. कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून प्रतिज्ञापत्र, आणि ते बाईंच्या पुढे धरलं. बाईंनी कागद खिडकीशी नेला. तराजू होता, तुटकं पारडं होतं, नाव होतं.

"हा काळा आहे," त्या म्हणाल्या.

"झेरॉक्स आहे. खरा कागद इस्पितळात जमा केला."

"त्यांची शाई जांभळी होती."

"हो," काकू म्हणाल्या. "जांभळीच होती."

बाईंनी कागदाची घडी जशी होती तशी घालून परत दिली. देताना त्यांना काकूंची नखं दिसली. सकाळची भुकटी त्यांच्या कडांत अजून भरलेली होती. बाईंनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. काकूंना तो हात कुठे लपवावा असं झालं होतं, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

नखांतलं जांभळं चार दिवसांत गेलं. काकूंनी टेबल वर नेऊन द्यायचं म्हटलं होतं, पण बाईंनी नको म्हटलं. म्हणून ते अजून काकूंच्याच खिडकीशी उभं आहे, बिनरंगाचं. पत्रं लिहायची असली की वकिलीणबाई खाली येतात, ड्रॉवर जरा उचलून डावीकडे रेटतात आणि लिहीत बसतात. काकू तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. कोपऱ्यातल्या खळग्यात त्यांनी लांबी भरलेली नाही. हे कशाने झालं असं कुणी विचारलं, तर माझ्या हाताने झालं, एवढंच सांगतात.